पर्लची कंसाबद्दलची वॉर्निंग: खरी किती, फसवी किती

शाळेत कंचेभागुबेव घोकलेल्या कुणालाही (२ + ३) * ४ चं उत्तर विचारा, वीसच येईल. आधी कंस सोडवायचा, मग गुणाकार. आता हेच गणित पर्ल या प्रोग्रॅमिंग भाषेत छापायला सांगा:

```
प्रिंट (२ + ३) * ४;
```

पडद्यावर उमटतो ५. वीस नाही, चौदाही नाही, पाच. वॉर्निंग चालू ठेवल्या असतील तर सोबत एक ओळ येते, तिचा मराठीत अर्थ असा: ‘प्रिंट (...) हे फंक्शन म्हणून घेतलं आहे’. नवशिक्याला प्रश्न पडतो की प्रिंट हे फंक्शनच (नाव घेऊन करून घ्यायचं तयार काम) तर आहे, मग तक्रार कसली? तो स्पेस इकडची तिकडे करून बघतो, वॉर्निंग नाहीशी होते आणि काम झालं असं समजून तो पुढे जातो. छापून मात्र अजूनही पाचच येतो.

या लेखात ती वॉर्निंग कुठून येते, कधी खरी असते, कधी खोटी आणि ती वाचायची कशी, हे बघू. (खरा कोड रोमन लिपीतच लिहितात. इथे वाचायला सोपं जावं म्हणून त्यातले शब्द देवनागरीत दिले आहेत, कंस आणि चिन्हं जशीच्या तशी आहेत.)

## स्क्रिप्टिंग भाषेला कंपायलर कुठला?

पर्ल लॅरी वॉल यांनी १९८७ साली आणली. मजकुरातून माहिती उपसणं, फायलींची नावं बदलणं, अहवाल काढणं अशा कामांसाठी ती पटकन पसरली. आज नव्या प्रोजेक्टसाठी तिचं नाव कमी ऐकू येतं, पण ती गेलेली नाही. डेबियन लिनक्सच्या अगदी मूळ संचात ती असते आणि फोटोंमधली माहिती वाचणारं एक्झिफटूल तिच्यातच लिहिलेलं आहे.

अशा भाषांना स्क्रिप्टिंग भाषा म्हणतात, कारण फाइल लिहिली की थेट चालवायची, मध्ये वेगळी तयार फाइल बनवायची पायरी नाही. त्यावरून बऱ्याच जणांचा समज होतो की पर्ल एकेक ओळ वाचते आणि लगेच अमलात आणते. तसं होत नाही. पर्ल आधी सगळी फाइल वाचून तिचा आराखडा मनाशी बांधते आणि मगच कामाला लागते. हा आराखडा बांधणारा भाग म्हणजेच कंपायलर. कंसाची वॉर्निंग त्याच टप्प्यावर निघते, म्हणून ती छापलेल्या उत्तराच्या आधी दिसते.

वॉर्निंग आणि एरर यांतला फरकही इथेच सांगून टाकतो. एरर आली की प्रोग्रॅम चालतच नाही किंवा तिथेच थांबतो. वॉर्निंग आली तरी तो चालतो. ‘मला शंका आहे, तुम्ही बघा’ एवढंच ती म्हणते. आणि शंकाच ती, त्यामुळे चुकूही शकते.

## पाच आला कुठून?

पर्लमध्ये प्रिंटला कंस लावायची सक्ती नाही. ‘प्रिंट २, ३, ४’ असं लिहिलं तरी चालतं. प्रिंटच्या उजवीकडे जी यादी असेल ती सगळी तो छापतो. अशा शब्दाला लिस्ट ऑपरेटर म्हणतात. पण कंस लावला, तर पर्ल त्याला फंक्शन मानते: कंसात आहे तेवढंच त्याचं, बाकीचं त्याचं नाही.

कंस प्रिंटला चिकटून आहे की मध्ये जागा सोडली आहे, हे पर्ल बघतच नाही. तिच्या अधिकृत दस्तऐवजात नियम स्पष्ट आहे: फंक्शनसारखं दिसतंय ना, मग ते फंक्शनच. हा नियम सोपा आहे पण अधूनमधून चकवतो, अशी कबुलीही तिथेच दिलेली आहे.

म्हणजे आपण लिहिलेल्या ओळीचा पर्लने लावलेला अर्थ असा: (२ + ३) छाप, आणि छापण्याच्या कामाचं जे फलित येईल त्याला ४ ने गुण. प्रिंट यशस्वी झाला की १ परत देतो. एक गुणिले चार, चार. या चारचं पुढे काय करायचं ते कुणी सांगितलेलं नाही, म्हणून तो टाकून दिला जातो. आपल्या मनात कंस हा गणिताचा होता, पर्लने तो प्रिंटचा मानला.

## वॉर्निंग बरोबर आहे, पण ऐकणाऱ्याला भलतंच ऐकू येतं

‘फंक्शन म्हणून घेतलं’ हे वाक्य पर्लच्या बाजूने शंभर टक्के खरं आहे. अडचण अशी की ते पर्ल लिहिणाऱ्यांच्या भाषेत आहे. ज्याला लिस्ट ऑपरेटर आणि फंक्शन यांतला फरक ठाऊक आहे त्याला ते लगेच कळतं. ज्याला ठाऊक नाही, त्याला वाटतं की फंक्शन वापरणंच चूक आहे. ‘कंसानंतरचा भाग छापला जाणार नाही’ एवढं म्हटलं असतं तर निम्म्या लोकांचा गोंधळ वाचला असता.

त्यातून नेहमीचा उपाय निघतो: प्रिंट आणि कंस यांच्यातली स्पेस काढून टाका. हा सल्ला कुणी ना कुणी देतंच, आणि तो केला की ही वॉर्निंग खरंच जाते:

```
प्रिंट(२ + ३) * ४;
```

उत्तर तेच, पाच. अर्थ बदलला नाही, फक्त तक्रार बंद झाली. माझ्या मते या वॉर्निंगचा सगळ्यात मोठा दोष हाच. चुकीच्या उपायाला ती शाबासकी देते.

## एका स्पेसवर सगळा खेळ

पर्लचा सोर्स कोड खुला आहे, त्यामुळे ही तपासणी कशी होते ते कुणालाही बघता येतं. फाइल वाचताना सगळ्यात आधी टोकनायझर काम करतो. तो अक्षरांच्या रांगेतून शब्द, आकडे, चिन्हं वेगळी काढतो. प्रिंट, प्रिंटएफ, सॉर्ट असा शब्द दिसला की तो लगेच पुढची दोन अक्षरं तपासतो. बरोब्बर एक स्पेस आणि मग उघडा कंस असेल, तरच शंका घ्यायची. मग कंस मोजत पुढे जायचं, बंद होणारा कंस सापडला की त्यापुढचं पहिलं अक्षर बघायचं. ते अर्धविराम, बंद कंस किंवा मान्य केलेल्या यादीतलं एखादं अक्षर असेल तर गप्प बसायचं, नाहीतर वॉर्निंग द्यायची.

एवढंच. वाक्याचा अर्थ लावणं हे काम त्यानंतरचं आहे, इथे नुसती अक्षरं चाचपलेली असतात. सोसायटीच्या गेटवर वॉचमनला ‘पाठीवर मोठी बॅग असेल त्यालाच विचारायचं’ असं सांगून ठेवलं तर काय होईल? रोजचा डिलिव्हरीवाला दर वेळी अडेल आणि हातात फक्त फाइल घेतलेला भामटा सरळ आत जाईल. हा कोड लिहिणाऱ्यांनाही याची कल्पना आहे. त्या ओळींशेजारच्या टिपांमध्ये ‘याहून बरा मार्ग असायला हवा’ आणि ‘ही जुगाड फारशी भक्कम नाही’ अशा अर्थाचे शेरे त्यांनीच लिहून ठेवलेत.

आता ही तपासणी निर्दोष माणसाला कशी अडवते ते बघा:

```
प्रिंट (":)");
```

अवतरणचिन्हांत हसरा चेहरा आहे, बाकी काही नाही. कोड बिनचूक आहे. पण टोकनायझर या टप्प्यावर अवतरणचिन्हं ओळखत नाही, नुसते कंस मोजतो. चेहऱ्यातला बंद कंस दिसला की त्याला वाटतं प्रिंटचा कंस संपला. पुढचं अक्षर अवतरणचिन्ह, ते मान्य यादीत नाही, म्हणून वॉर्निंग. रडका चेहरा छापला तरी सुटका नाही. तिथे एक उघडा कंस जास्तीचा मोजला जातो, हिशेब जुळायच्या आत ओळ संपते आणि पुन्हा तीच वॉर्निंग.

दुसरा नेहमीचा प्रकार लांब मजकुराचा. प्रिंट, स्पेस, उघडा कंस, मग तीन-चार ओळी मजकूर आणि शेवटी बंद कंस. फाइल ओळीओळीने वाचली जात असल्याने पहिल्या ओळीत बंद कंस सापडत नाही आणि निष्कारण वॉर्निंग येते. ब्लॉकमधल्या (म्हणजे महिरपी कंसांत बांधलेल्या ओळींमधल्या) शेवटच्या प्रिंटनंतर अर्धविराम न देता पुढच्या ओळीवर महिरपी कंस बंद केला, तरी तेच. कोड दोन्हीकडे ठणठणीत.

## आणि चोर सुटतो तो असा

खोट्या वॉर्निंगने डोकं दुखतं, पण नुकसान होत नाही. नुकसान होतं ते न आलेल्या वॉर्निंगने. दोन आकड्यांची सरासरी छापायची आहे:

```
प्रिंट (१० + २०) / २;
```

छापून येतो ३०. चूक अगदी तीच, गुणाकाराच्या जागी भागाकार एवढाच फरक. पण इथे ‘फंक्शन म्हणून घेतलं’ ही वॉर्निंग येत नाही! कारण मान्य अक्षरांच्या यादीत तिरपी रेघ आहे. पर्लमध्ये दोन तिरप्या रेघांचा ‘नाहीतर हे घे’ अशा अर्थाचा एक ऑपरेटर आहे, त्याला वाट मोकळी राहावी म्हणून ती यादीत घेतली. भागाकाराची रेघ दिसायला तशीच, म्हणून तीही सुटते. ‘ईक्यू’ हा दोन शब्दांची तुलना करणारा ऑपरेटरही असाच निसटतो. इंग्रजी ‘ई’ने सुरू होणाऱ्या दुसऱ्याच एका शब्दासाठी ते अक्षर सोडलेलं होतं.

आणि प्रिंटनंतर एकाऐवजी दोन स्पेस दिल्या, तर तपासणी सुरूच होत नाही. कोड एका रेषेत सुबक दिसावा म्हणून स्पेस भरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

## मग तपासणी सुधारत का नाहीत?

हा प्रश्न रास्त आहे. टोकनायझरकडून काम काढून घ्या आणि पुढच्या टप्प्यावर, वाक्याचा अर्थ कळल्यावर तपासा, असं सुचतं. तिथे एक मूलभूत अडचण आहे. अर्थ लावणारा भाग म्हणजे पार्सर. त्याच्यापर्यंत गोष्ट पोचते तेव्हा स्पेस उरलेली नसते. ‘प्रिंट(२ + ३) * ४’ आणि ‘प्रिंट (२ + ३) * ४’ यांचा आराखडा हुबेहूब एकच निघतो. लिहिणाऱ्याच्या मनात गणिताचा कंस होता याचा एकमेव पुरावा म्हणजे मध्ये सोडलेली ती जागा, आणि तो पुरावा फक्त अक्षरांच्या टप्प्यावरच दिसतो.

माणूस कोड वाचतो तेव्हा मोकळ्या जागेवरून अर्थ लावतो. पर्लच्या व्याकरणात इथे मोकळ्या जागेला किंमत शून्य. या दोहोंच्या मधली फट बुजवायची तर अंदाजच करावा लागतो. नियमच बदलायचा म्हटलं तर अनेक वर्षांचा जुना कोड मोडेल, आणि जुना कोड चालत राहणं पर्लच्या जगात फार मोठी गोष्ट मानली जाते.

## दुसऱ्या वॉर्निंगकडे लक्ष द्या

गुणाकाराच्या उदाहरणात खरं तर दोन वॉर्निंग येतात. दुसरी म्हणते, गुणाकार केला पण त्याचं उत्तर कुठेच वापरलं नाही. लोक पहिलीवर अडकतात आणि हिच्याकडे दुर्लक्ष करतात. वास्तविक हीच जास्त भरवशाची.

ही अक्षरांवरून नव्हे, बांधलेल्या आराखड्यावरून येते. तिथे एक गुणाकार आहे आणि त्याच्या उत्तराला कुणी वाली नाही, ही वस्तुस्थिती आहे, अंदाज नाही. म्हणून स्पेस काढली तरी ती राहते. सरासरीच्या उदाहरणात पहिली गप्प बसली तरी ही ‘भागाकार वाया गेला’ म्हणून सांगते. हसऱ्या चेहऱ्याच्या वेळी मात्र ती येत नाही, कारण तिथे काहीच वाया गेलेलं नसतं. कंसाची वॉर्निंग आली की सोबत ही दुसरी आहे का ते बघायचं. असेल तर बहुतेक खरीच चूक आहे.

बहुतेक म्हटलं, कारण हिलाही मर्यादा आहेत. सरासरीच्या ओळीपुढे ‘ऑर डाय’ जोडलं, म्हणजे ‘हे जमलं नाही तर थांब’ असं सांगितलं, की भागाकाराचं उत्तर तपासायला वापरलं जातं. झालं, वाया गेलं असं म्हणता येत नाही. पहिली वॉर्निंग तिरप्या रेघेमुळे गप्प, दुसरी ‘ऑर’मुळे गप्प, आणि पडद्यावर दिमाखात ३०. तसंच, चुकीची ओळ एखाद्या फंक्शनची शेवटची ओळ असेल तर तिचं उत्तर त्या फंक्शनचं उत्तर म्हणून बाहेर जाऊ शकतं. कोण वापरेल, कोण नाही, हे कंपायलरला आधी कळत नाही, म्हणून तो बोलत नाही.

## पायथॉन, रूबीत हा त्रास नसेल ना?

आहे, वेगळ्या रूपात. तीच ओळ पायथॉन ३ मध्ये चालवली तर आधी ५ छापला जातो आणि लगेच एरर येऊन प्रोग्रॅम थांबतो. पायथॉनचा प्रिंट १ परत देत नाही, ‘नन’ म्हणजे काहीच नाही असं देतो, आणि ‘काहीच नाही’ला चारने गुणता येत नाही. चूक तीच, पण लपत नाही. पायथॉन २ मध्ये प्रिंट फंक्शन नव्हतंच, म्हणून तिथे कंचेभागुबेवप्रमाणे २० यायचा.

रूबीत छापायला पुट्स वापरतात, आणि तिथे स्पेसला अर्थ आहे. ‘पुट्स (२ + ३) * ४’ लिहिलं तर २० येतो. स्पेस काढून ‘पुट्स(२ + ३) * ४’ केलं तर ५ छापून एरर. म्हणजे दिसायला जवळपास एकच ओळ, आणि भाषेगणिक वेगळं उत्तर. एका भाषेतून दुसरीत उडी मारणाऱ्यांची इथे पंचाईत होते, त्यात त्यांचा काही दोष नाही.

रूबीच्या कंसाच्या वॉर्निंगांमध्ये एक गंमत होऊन गेली. रूबी १.८ मध्ये, एका फंक्शनच्या आत दुसरं फंक्शन कंसाशिवाय लिहिलं की ‘पुढच्या आवृत्तीसाठी कंस घाला’ अशी वॉर्निंग यायची. लोकांनी इमानेइतबारे कंस घातले. मग १.९ मालिका आली आणि ती वॉर्निंगच काढून टाकलेली होती. ज्या बदलाची भीती घातली, तो झालाच नाही.

पायथॉनने या बाबतीत चांगली मेहनत घेतली आहे. बंद कंस विसरला की जुन्या आवृत्त्या पुढच्या, निर्दोष ओळीवर बोट ठेवून ‘वाक्यरचना चूक’ एवढंच म्हणायच्या. त्या ओळीत चूक शोधत माणूस बसून राहायचा. २०२१ साली आलेल्या ३.१० पासून ‘हा कंस बंदच केला नाही’ असं स्पष्ट येतं, आणि बोट उघड्या कंसावर असतं. त्याआधी ३.८ मध्ये यादीतला स्वल्पविराम विसरला तर ‘स्वल्पविराम राहिला का?’ असं विचारायची सोय झाली. तोवर दोन शेजारचे कंस बघून पायथॉन पहिल्याला फंक्शन समजायचा आणि प्रोग्रॅम चालताना ‘हे फंक्शन नाही’ अशी चक्रावून टाकणारी एरर तेवढी द्यायचा.

## सरळ सगळीकडे दुहेरी कंस घातले तर?

चालेल. ‘प्रिंट((२ + ३) * ४)’ मध्ये बाहेरचा कंस प्रिंटचा, आतला गणिताचा. वीस येतो, वॉर्निंग येत नाही. वाचणाऱ्यालाही सोपं. पर्लची जुनी मंडळी अधिकचं चिन्ह वापरतात: ‘प्रिंट +(२ + ३) * ४’. ते अधिक गणित काहीच बदलत नाही, फक्त प्रिंट आणि कंस यांची गाठ तोडतं. मला स्वतःला ही लकब आवडत नाही. सहा महिन्यांनी कुणीतरी ते फालतू समजून खोडेल. त्यापेक्षा उत्तर आधी एका व्हेरिएबलमध्ये (किंमत साठवायच्या नावात) ठेवा आणि मग ते छापा, वादच मिटतो.

पर्लने ओळीचा अर्थ नेमका कसा लावला हे बघायचं असेल, तर तिच्यासोबतच येणारा डीपार्स हा मॉड्यूल कामाचा आहे. त्याला ‘पी’ हा पर्याय देऊन ओळ दिली, की तो सगळे कंस स्वतः भरून ती परत लिहून दाखवतो. आपल्या ओळीचं तो असं करतो:

```
(प्रिंट(५) * ४);
```

दोन अधिक तीनची बेरीज कंपायलरने आधीच उरकली आहे, आणि चार प्रिंटच्या कंसाबाहेर एकटा उभा आहे. वॉर्निंगचा मजकूर दहादा वाचण्यापेक्षा ही एक ओळ जास्त सांगते. शिवाय फाइलच्या सुरुवातीला ‘यूज डायग्नॉस्टिक्स’ लिहिलं तर प्रत्येक वॉर्निंगखाली तिचं सविस्तर स्पष्टीकरण छापून येतं. शिकताना ते जरूर चालू ठेवावं.

## इतक्या खोट्या येतात तर बंदच करू

पर्ल ५.६ पासून, म्हणजे २००० सालापासून, वॉर्निंग गटागटाने चालू-बंद करता येतात. कंसाची ही वॉर्निंग ‘सिंटॅक्स’ गटात येते. पण तो गट बंद केला की त्याच्या पोटातले गटही बंद होतात, त्यात ऑपरेटरांचा क्रम आणि राहिलेले कंस यांबद्दलचे गटही आहेत. वाया गेलेल्या उत्तराची वॉर्निंग वेगळ्या, ‘व्हॉइड’ गटात असल्याने ती वाचते. बंद करायचीच तर त्या एका ब्लॉकपुरती करा. भाषेचा रोख मात्र उलट दिशेने आहे: २०२२ च्या ५.३६ पासून, फाइलच्या वर ‘यूज व्ही ५.३६’ लिहिलं की सगळ्या वॉर्निंग आपोआप चालू होतात.

बंद न करण्याचं आणखी एक कारण म्हणजे कंसाबद्दलच्या सगळ्याच वॉर्निंग फसव्या नाहीत. फंक्शनला नाव आणि वय पाठवलं आहे, समजा ‘सावित्री’ आणि ४२, आणि आत लिहिलं:

```
माय $नाव, $वय = @_;
```

‘माय’ने नवं व्हेरिएबल जाहीर करतात आणि शेवटचं चिन्ह म्हणजे पाठवलेल्या गोष्टींची यादी. इथे पर्ल वॉर्निंग देते की ‘माय’च्या यादीभोवती कंस राहिले. अगदी बरोबर. पण कडक तपासणी चालू असेल तर शेजारी एररही येते: ‘वय’ हे जाहीर केलेलं नाही, माय लिहायचं राहिलं का? एररचा आवाज मोठा, म्हणून नवशिका तिचं ऐकतो आणि वर ‘माय $वय’ अशी ओळ घालतो. एरर जाते, प्रोग्रॅम चालतो, आणि सावित्रीचं वय निघतं २. कारण कंसाशिवाय, यादीत किती गोष्टी आहेत तो आकडा वयात जातो. नाव रिकामंच. या वेळी वॉर्निंग खरं सांगत होती आणि भुलवलं ते एररने.

फाइल उघडतानाची चूक यापेक्षा महाग पडते. ‘फाइल उघड, नाही जमलं तर थांब’ हे लिहिताना ‘नाहीतर’साठी दोन उभ्या रेघा वापरल्या आणि कंस घातला नाही, तर त्या रेघा उघडण्याच्या कामाला न चिकटता फाइलच्या नावाला चिकटतात. अर्थ होतो: फाइलचं नाव रिकामं असेल तर थांब. नाव रिकामं कधीच नसतं, म्हणून फाइल उघडली नाही तरी प्रोग्रॅम थांबत नाही. जुन्या धाटणीने, चिन्हाशिवाय नुसतं नाव देऊन फाइल उघडली तर पर्ल इथे कंस सुचवते. आज सगळे वापरतात त्या तीन भागांच्या पद्धतीत कंपायलर अवाक्षर काढत नाही. पुढे त्या फाइलमधून वाचायला गेलं की ‘बंद फाइलमधून वाचताय’ अशी वॉर्निंग येते, तीही मूळ ओळीपासून लांब कुठेतरी. ती दिसली तर खाली शोधत बसू नका, वर जा, ओपनची ओळ गाठा आणि त्या दोन उभ्या रेघांच्या जागी ‘ऑर’ लिहा.